गाणं आणि मालिका एकदम: नाशिकच्या सोळा वर्षांच्या मुलीने सुरुवात कशी करावी?

गोदातीरी

पुतणी सोळा वर्षांची. अकरावी कॉमर्स, कॉलेज रोडला. गांधर्वची मध्यमा पूर्ण झाली, विशारदची तयारी चालू आहे. राज्य बालनाट्य स्पर्धेत दोन भूमिका केल्यात. एका मराठी मालिकेसाठी सेल्फ टेप (घरीच चित्रित केलेली ऑडिशन) पाठवली होती. त्यावरून लुक टेस्ट झाली आणि आता कराराचा मसुदा मेलवर आला आहे. भूमिका नायिकेच्या धाकट्या बहिणीची, आणि ही बहीण मालिकेत गाते. दुसरीकडे गाण्याच्या एका रिअ‍ॅलिटी शोची ऑडिशन दीड महिन्यावर आहे, ती वेगळ्या वाहिनीची.

जाणकारांकडून नेमकं हवं आहे. करारात काय तपासायचं? सोळाव्या वर्षी कामाचे तास, पैसे, टॅक्स यांचे नियम काय? गाण्याचा डेमो कसा असावा, कोणाला पाठवावा? रोजच्या शूटिंगमध्ये गळा कसा सांभाळायचा? आणि नाशिकहून ये-जा जमते का? 'मुलीला शिकू द्या आधी' हा सल्ला घरात भरपूर मिळाला आहे, तो इथे नको.

कॉलशीट

मसुदा हातात आहे म्हणजे बाकीचं बाजूला ठेवा, आधी तोच वाचा.

सही कोण करणार? १८ पूर्ण नसलेल्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून पालकांनी सही करायची. पालक म्हणजे आई किंवा वडील. तुम्ही काका आहात, प्रॉडक्शनवाले 'चालेल हो' म्हणाले तरी तुम्ही पेन उचलू नका. शिवाय ती १८ ची झाली की नवा करार, तिच्या सहीने आणि दर पुन्हा ठरवून, हे आत्ताच लिहून घ्या. मालिका चालली तर सोळाव्या वर्षीचा दर पुढे ओढत नेतात.

तासांचं असं आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी स्पष्ट तरतूद आली. दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. हे सगळं १४ वर्षांखालच्या मुलांना. तुमची पुतणी त्यात बसत नाही आणि सज्ञानही नाही. १४ ते १८ वयाच्या किशोरांसाठी त्याच कायद्याचं कलम ७ आहे: सलग ३ तासांच्या वर काम नाही, विश्रांती धरून दिवस ६ तासांच्या आत, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही. पण काही लिहून घेतलं नाही तर सेटवर तिला मोठ्यांसारखीच १२ तासांची शिफ्ट लागेल आणि वर 'जरा एक सीन राहिलाय' असेलच. म्हणून करारात घाला: रोजच्या तासांची कमाल मर्यादा (कायद्यातलीच मागा), पॅकअप (दिवसाचं शूटिंग संपणं) आणि पुढच्या कॉल टाइममध्ये (सेटवर हजर व्हायची वेळ) किमान १२ तास, घरातलं एक माणूस कायम सेटवर, आणि परीक्षेच्या तारखांना सुट्टी. परीक्षेचं 'शक्यतो' या शब्दासकट लिहिलेलं असेल तर ते न लिहिल्यासारखंच समजा.

आता सगळ्यात जपून वाचायचं कलम, एक्सक्लुझिव्हिटी. मालिकेच्या करारात बहुधा असं असतं की कराराच्या काळात कलाकार दुसऱ्या वाहिनीवर, दुसऱ्या ओटीटीवर, जाहिरातीत परवानगीशिवाय दिसणार नाही. फक्त अभिनेत्री असलेल्या मुलीला ते परवडतं. गाणाऱ्या मुलीला ते महागात पडतं, कारण 'कोणतेही सादरीकरण' या दोन शब्दांत दिवाळी पहाटपासून यूट्यूबवरच्या कव्हरपर्यंत सगळं बसतं. प्रॉडक्शनला सांगा की पुढच्या चार गोष्टी अपवाद म्हणून लिहा: पार्श्वगायन, स्वतंत्र गाणी, प्रत्यक्ष मैफली आणि कार्यक्रम, स्वतःच्या चॅनेलवरची गाणी. शूटिंगच्या तारखांना धक्का लागणार नाही एवढी अट मान्य करून टाका. तारखांचं आश्वासन मिळालं की बहुतेक लोक या मागणीला नाही म्हणत नाहीत. त्यांची खरी भीती तारखांचीच असते.

रिअ‍ॅलिटी शो मात्र या अपवादात बसणार नाही. वेगळी वाहिनी आहे, तेव्हा दोन्हीपैकी एकच.

सोडण्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का पाहा. वाहिनी ट्रॅक (मालिकेतलं ते उपकथानक) बंद करून आठवड्यात भूमिका संपवू शकते आणि कलाकाराने मात्र ९० दिवस आधी सांगायचं, असे मसुदे सर्रास येतात.

पैसे दिवसाच्या दराने. दरापेक्षा महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे ते विचारा, धाकट्या बहिणीला महिन्यात सहाच दिवस बोलावलं तर दर कितीही असो, मुंबईतलं भाडं निघत नाही. आणि टीव्हीत पैसे साधारण ९० दिवसांनी येतात. जानेवारीत केलेल्या कामाचं बिल महिनाअखेरीला जातं, रक्कम एप्रिलअखेरीला हातात. सुरुवातीचे चार महिने घरच्या पैशावर काढायचे आहेत असं धरूनच चला. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जाईल. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आई-वडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या कलेतून, कौशल्यातून मिळवलेलं त्याला अपवाद आहे. ते तिचं स्वतःचं उत्पन्न. तेव्हा तिच्या नावाचं पॅन आणि बँक खातं आधी काढा. वडिलांच्या खात्यावर पैसे घेतले की टीडीएसचा परतावा मिळवताना घोळ होतो.

फेडरवर_बोट

डेमोबद्दल.

चार मिनिटांचं पूर्ण गाणं कोणी ऐकत नाही. तीन तुकडे करा, प्रत्येकी ४० ते ६० सेकंदांचे: एक भावगीताचा अंतरा, एक लोकगीत किंवा ठसक्याचं काहीतरी, एक हिंदी. आधी आलाप, मग तान, मग मुखडा असं नको. पहिल्या पाच सेकंदांत शब्द ऐकू आले पाहिजेत. त्यातला निदान एक तुकडा नुसत्या तानपुऱ्यावर असावा. कराओकेच्या मागे बराच आवाज लपतो, आणि ऐकणाऱ्याला ते माहीत असतं.

पट्टी तिची हवी. शास्त्रीय शिकणाऱ्या मुली साधारण काळी चार ते काळी पाचमध्ये गातात. मूळ गाण्याची पट्टी तिथे बसत नसेल तर मागच्या संगीताचा ट्रॅक तिच्या पट्टीत बदलून घ्या. मूळ पट्टीत ओढून गायलेला तार मध्यम डेमोत टोचतो.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागेलच असं नाही. साधा कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस, पॉप फिल्टर पुरतो. माइकपासून तोंड वीतभर लांब, माइक ओठांच्या किंचित वर. लेव्हल अशी लावा की सगळ्यात मोठ्या सुरालाही मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. खोलीत पंखा बंद, खिडक्या बंद, आणि रिकाम्या भिंतीसमोर उभं राहायचं नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गायलं तरी घुमारा निम्मा होतो.

बिघडतं कुठे? एक, ब्लूटूथ हेडफोन. ट्रॅक कानात उशिरा पोचतो, मुलगी सुरात असते पण तालाच्या मागे पडते, आणि दोष तिच्या लयीला लागतो. वायरचेच वापरा. दोन, फोनवर रेकॉर्ड केलं तर फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो आणि मींडेचा शेवट गोंगाट समजून खाऊन टाकतो. तीन, रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) आणि ऑटोट्यून (सूर यंत्राने दुरुस्त करणं). दोन्ही नको. कोरडा आवाज पाठवा, रिव्हर्ब घालायचा तर ते लोक घालतील.

पाठवायचं कोणाला? रेकॉर्ड कंपन्यांच्या मेलवर टाकण्यापेक्षा मालिकांची शीर्षकगीतं आणि पार्श्वसंगीत करणाऱ्या संगीतकारांकडे, त्यांच्या अरेंजर आणि प्रोग्रामरकडे पाठवा. तिथे स्क्रॅच गाणाऱ्यांची सतत गरज असते. स्क्रॅच म्हणजे चाल दिग्दर्शकाला ऐकवण्यापुरतं गायलेलं कच्चं गाणं. संध्याकाळी चाल फोनवर येते, रात्रीपर्यंत आवाज परत हवा असतो. मिळकत किरकोळ, नाव लागत नाही. पण चाल अर्ध्या तासात उचलणं, ओळ तुकड्याने पुन्हा गाताना आधीच्या टेकचा जोर आणि श्वास तसाच पकडणं, हे तिथेच जमायला लागतं, आणि कधीकधी स्क्रॅचच फायनल राहतो. फाइल परत पाठवताना आवाजाची फाइल ट्रॅकच्या शून्यापासून सुरू होणारी हवी, मधे गायली नाही तिथे शांतता. आणि नावात गाणं, पट्टी, लय. 'न्यू फायनल २' नावाची फाइल आली की समोरच्याचा पहिला ग्रह तिथेच होतो.

अवांतर: सेल्फ टेप पुन्हा मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका. नाहीतर चित्र दाबून पाठवलं जातं आणि डोळे दिसत नाहीत.

खर्ज_षड्ज

फेडरवर_बोट यांच्याशी सहमत. फक्त स्क्रॅचबद्दल एक भर: मुलींचाही आवाज १३ ते १७ या वयात थोडा बदलतो, मुलांसारखा फुटत नाही पण खाली सरकतो आणि मधे हवा लागते. या काळात रोज दुसऱ्याच्या पट्टीत स्क्रॅच गाऊ देऊ नका. आठवड्याला दोन पुष्कळ.

मालिकेत गळ्याला खरा त्रास गाण्याने होत नाही. रडण्या-ओरडण्याने होतो. एक सीन एका कॅमेऱ्यावर घेतला तर आधी मास्टर (पूर्ण सीनचा रुंद शॉट), मग प्रत्येकाचा क्लोज (जवळून चेहरा), मग खांद्यावरून. म्हणजे एकच किंकाळी पाच-सहा वेळा. तिला शिकवा की रिहर्सलला आणि समोरच्याच्या क्लोजला क्यू (त्याला धागा मिळेल असा आपला संवाद) अर्ध्या आवाजात द्यायचा, पूर्ण जोर मास्टरला एकदा आणि स्वतःच्या क्लोजला. दिग्दर्शकाला आधी सांगितलं की कोणी हरकत घेत नाही. ओरडताना घसा आवळून 'आ' काढण्यापेक्षा पोटातून श्वास सोडत, जबडा सैल ठेवून काढला तर पडद्यावर तितकंच खरं वाटतं. रडण्याच्या सीननंतर हुंदक्यांनी स्वरयंत्र वर चढलेलं असतं, लगेच गाऊ नये.

पॅकअपनंतर पाच मिनिटं: अर्धा पेला पाणी, त्यात साधी स्ट्रॉ दोन बोटं बुडवून त्यातून 'ऊ' करत खालून वर, वरून खाली सरकायचं. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. स्वरतंतूंवरचा ताण याने उतरतो. कुजबुजत बोलणं विश्रांती वाटते पण गळा कुजबुजल्यानेही दमतो, त्यापेक्षा गप्प बसावं. सेटवरचा कृत्रिम धूर, एसी आणि थंड पाणी एकत्र आलं की दुसऱ्या दिवशी खर्ज लागत नाही. गरम पाण्याची बाटली बरोबर असू द्या.

रियाज कमी होणार हे गृहीत धरा. सकाळी मेकअपआधी वीस मिनिटं खर्ज, एका कानात तानपुऱ्याचं अ‍ॅप, एवढं रोज झालं तर आवाज जागेवर राहतो. तानांची तयारी सुट्टीच्या दिवशी. विशारदची परीक्षा या वर्षी ढकलली तरी बिघडत नाही, गुरूंकडचा आठवड्याचा तास मात्र सोडू नका, ऑनलाइन का होईना.

आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी गोळी घेऊन गाणं ओढून नेण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. सूज दबते, दुखणं कळत नाही आणि त्याच सुजलेल्या तंतूंवर मुलगी गात राहते.

नाट्यवेडा

माझं मत थोडं उलटं. शो सोडू नका, मालिका सोडा. गाण्याच्या शोमधून आलेल्या मुलींना अभिनय नंतरही मिळाला आहे. आर्या आंबेकर २००८-०९ च्या लिटिल चॅम्प्समधून पुढे आली आणि नायिका म्हणून पहिला चित्रपट २०१७ मध्ये. केतकी माटेगावकरही गाण्यातून आली, २०१२ मध्ये 'शाळा', २०१४ मध्ये 'टाइमपास', आणि त्यात गायलीही. मधल्या वर्षांत दोघींचं नाव गायिका म्हणूनच पक्कं झालं होतं. उलट बाजूने, म्हणजे मालिकेतून गाण्याकडे, येणाऱ्यांना 'अभिनेत्री बरं गाते' एवढ्यावर थांबवतात.

निर्णय काहीही घ्या, पण तिच्याकडून नाट्यपदं बसवून घ्या. गाताना उभं राहणं, चालणं, संवादातून पदात शिरताना आवाजाची जात न बदलणं, हे भावगीताने येत नाही. नाशिकला हे परकं नाही, नाटककार वसंत कानेटकर इथलेच, आणि त्यांच्या १९६४ च्या 'मत्स्यगंधा'च्या पदांचं संगीत अभिषेकीबुवांचं. पेटी न घेता, आधीच्या चार वाक्यांसकट पद म्हणायला लावा. पद सुरू होताना ती घसा साफ करत असेल किंवा हात कानाकडे जात असेल तर अजून वेळ आहे.

कॉलशीट

नाट्यवेडा, उदाहरणं बरोबर पण ती नाव झालेल्यांची आहेत. इकडे एक भूमिका हातात आहे, तिकडे ऑडिशनची रांग. शिवाय आपल्या नाशिकची सायली संजीव थेट मालिकेतूनच घराघरांत पोचली, २०१६ मध्ये. वाट एकच नसते. गाण्याचा अपवाद करारात मिळाला तर मालिका घ्या, मिळाला नाही तर तुमचं म्हणणं मला मान्य.

पासधारक

प्रवासाचं सांगतो. सेट कुठे आहे हे आधी विचारा, सगळं त्यावर आहे.

पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सातच्या सुमारास सुटते, दादरला दहानंतर. गोरेगावच्या चित्रनगरीला पोचेपर्यंत साडेअकरा होतात. मुलींचा कॉल टाइम मेकअपसाठी सकाळी सातचा असतो. (चित्रनगरीला नाव आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांचं, पण नाशिककरांना पोचायला सगळ्यात अडचणीची तीच.) संध्याकाळची पंचवटी सव्वासहाला सीएसएमटीहून निघते, तेव्हा शिफ्ट संपलेली नसते. म्हणजे रोज ये-जा जमत नाही, आदल्या रात्री पोचायला हवं. सेट ठाण्याला घोडबंदर रोडला असेल तर चित्र बरं आहे. रस्त्याने कसारा घाटातून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, आणि सलग तारखा असतील तर तिथेच पेइंग गेस्ट. रात्री पॅकअपनंतर घाटातून गाडी आणायची नाही, हा नियम घरात पक्का करा. तारखा एकत्र द्या, म्हणजे आठ दिवस सलग आणि मग आठवडाभर घरी, हेही करारातच मागा. सुटे दिवस मिळाले तर सगळी मिळकत प्रवासात जाते.

कॉलेजच्या हजेरीचं आत्ताच बोला. नाहीच जमलं तर बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, कॉमर्स आहे म्हणून सोपं. त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, तेव्हा बोर्डाच्या सूचनेवर लक्ष ठेवा. पुढे पदवीला मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर आहेच.

गोदातीरी

सगळ्यांचे आभार. मसुदा पुन्हा वाचला. पार्श्वगायन आणि मैफली अपवाद म्हणून लिहायला ते तयार आहेत. पण एक कलम खटकतं: 'भूमिकेच्या अनुषंगाने कलाकाराने दिलेला सर्व आवाज व सादरीकरण निर्मात्याच्या मालकीचे राहील, मानधनात ते समाविष्ट.' म्हणजे मालिकेत ती गाईल ती गाणी फुकटच ना?

कॉलशीट

तसंच. धाकटी बहीण गाते म्हणजे महिन्याला एखादं गाणं येणार, आणि एखादं चाललं तर ते वेगळं प्रसिद्ध होणार.

कलम खोडायला सांगू नका, तुटेपर्यंत ताणलं जाईल. 'संवाद' हा शब्द घालून घ्या: भूमिकेच्या अनुषंगाने दिलेला संवादांचा आवाज. आणि खाली एक ओळ: गायन हे वेगळं काम, प्रत्येक गाण्याचं मानधन वेगळ्या करारपत्राने, गायिका म्हणून नाव पडद्यावर आणि ऑडिओ अ‍ॅपवर. कॉपीराइट कायद्याने गायकाला सादरकर्त्याचे हक्क आहेत, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गाण्याचा व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्कही आहे. त्याची वसुली इसाम्रा ही गायक-वादकांची संस्था करते, पूर्वीची इस्रा. पहिलं गाणं प्रसिद्ध झालं की तिथल्या सभासदत्वाची चौकशी करा. एक काळजी घ्या: 'रॉयल्टीसह सर्व हक्क सोडत आहे' असं वाक्य गाण्याच्या वेगळ्या करारपत्रात हळूच येतं.

फेडरवर_बोट

आणि तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आजच एक ठरवा. पॅन, बँक, मालिकेची श्रेयनामावली, गाण्याची अ‍ॅप, सगळीकडे तेच. एका अक्षराचा फरक पडला तरी अ‍ॅपवर दोन गायिका तयार होतात आणि गाणी दोन ठिकाणी विभागली जातात. नंतर जुळवायला लेबलमार्फत अर्ज करावा लागतो, त्यात महिने जातात.

सेटवर स्वतःच्या गाण्यावर ओठ हलवताना तिने खरंच गायचं, मध्यम आवाजात. नुसते ओठ हलले की गळ्याची हालचाल दिसत नाही आणि श्वास चुकीच्या जागी घेतलेला क्लोजमध्ये लगेच कळतो. रेकॉर्डिंगला श्वास कुठे घेतले ते गाण्याच्या कागदावर खूण करून ठेवा आणि तोच कागद शूटिंगला न्या.